कॉलर लावण्याआधी वाळू वाचा: हनी बॅजरच्या मागे राहून त्याचे जगणे कसे समजून घ्यायचे

विचारलेला प्रश्न असा आहे: वन्यजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना हनी बॅजर या जमीन उकरून शिकार करणाऱ्या छोट्या मांसभक्षक प्राण्याचे रानातले आयुष्य समजून घ्यायचे आहे. दोन-तीन जनावरांना जीपीएस कॉलर (ठिकाण नोंदवणारा गळपट्टा) आणि पंधरा-वीस कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप टिपणारे कॅमेरे) लावले, तर वर्षभरात काम होईल का? आफ्रिकेत लोक त्याच्या मागे प्रत्यक्ष फिरतात ते कसे जमते, आणि तेच महाराष्ट्रात करता येईल का? मधपक्षी बॅजरला पोळ्याकडे घेऊन जातो, हे खरे का?

आधी प्रश्न थोडा वेगळा मांडतो. कॉलर सांगते जनावर कुठे आहे. कॅमेरा सांगतो ते एका ठिकाणावरून कधी गेले. त्याने तिथे काय केले, काय खाल्ले, किती वेळा खणून हाती काही लागले नाही, कुणाचा वास घेऊन वाट बदलली, हे दोन्हींतून कळत नाही. हनी बॅजर जागेपणीचा बहुतेक वेळ नाक जमिनीला लावून चालण्यात आणि खणण्यात घालवतो. त्याची बरीचशी शिकार पाल, उंदीर, विंचू, अळ्या अशी लहान असते आणि ती काही सेकंदांत, तोंड बिळात असतानाच, गिळली जाते. म्हणून त्याचे जगणे कळायचे असेल तर तासन्‌तास त्याच्याजवळ असावे लागते. खरी अडचण इथे सुरू होते, कारण तुम्ही जवळ असल्यामुळे त्याचे वागणे बदलले, तर तुमच्या वहीत बॅजरचे नव्हे, तुमच्या गाडीला घाबरलेल्या बॅजरचे आयुष्य नोंदले जाते. माझ्या मते या कामातला प्रत्येक निर्णय, अगदी टायरमधल्या हवेपर्यंतचा, या एका गोष्टीवर पारखून घ्यावा.

हे कुठे जमते, हे बव्हंशी भूप्रदेश ठरवतो. आज आपल्याला या प्राण्याबद्दल जे खात्रीने माहीत आहे त्यातला मोठा भाग आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटाच्या दक्षिण भागातून आला आहे. कॉलीन आणि कीथ बेग या दांपत्याने जुलै १९९६ ते डिसेंबर १९९९ या काळात, आज ज्याला कगालागाडी ट्रान्सफ्रंटियर पार्क (दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवाना यांच्या सीमेवरचे उद्यान) म्हणतात त्या भागात हा अभ्यास केला. त्यांनी २५ जनावरांना रेडिओ लावले, पण त्यांतली नऊच (पाच माद्या, चार नर) गाडीला इतकी सरावली की त्यांच्या मागे राहून पाहता आले. त्या नऊ जनावरांचे प्रत्यक्ष निरीक्षण ५,८६१ तासांचे आहे. यशाचे हे प्रमाण लक्षात ठेवा. तिथे वाळू मोकळी आहे, झुडपे विरळ आहेत, मैलोगणती माणूस नाही आणि उद्यानाच्या परवानगीने गाडी रस्ता सोडून नेता येते. यांतली एक अट जरी सुटली तरी पद्धत बदलावी लागते. दाट झाडोऱ्यात गाडीने माग अशक्य आहे आणि पायी जवळ गेलात तर जनावर माणसाला सरावत नाही, फक्त दूर जाते.

सुरुवात कॉलरने करू नये, मागाने करावी. पुढच्या पायाची नखे चार सेंटीमीटरच्या आसपास लांब असतात, त्यामुळे नखांचे ठिपके बोटांच्या ठशांपासून बरेच पुढे, वेगळे उमटतात. मागच्या पायाची नखे आखूड असतात. बोटे पुढे-मागे पाच-पाच. प्रवासाला निघालेला बॅजर दुडक्या चालीने बऱ्यापैकी सरळ जातो. खाद्य शोधणारा नागमोडी फिरतो, एका झुडपाच्या बुंध्याकडून दुसऱ्याकडे, आणि मध्ये मध्ये खड्डे ठेवतो. नुसत्या मागावरूनही तो कामावर होता की वाटेवर, हे सांगता येते.

माग किती जुना, हे ओळखायला वेळ लागतो, पण त्यामागचे तर्क साधे आहेत. रात्री फिरणाऱ्या भुंग्यांच्या बारीक रेघा ठशावरून गेल्या असतील तर ठसा आधीचा. ठशाने त्या रेघा मोडल्या असतील तर नंतरचा, म्हणजे कदाचित पहाटेचा. खड्ड्यातून उपसलेली वाळू आतल्या ओलीमुळे गडद दिसते आणि ऊन लागले की थोड्या वेळात फिकी पडते. गडद वाळूचा ढीग दिसला तर पुढे डोळे उघडे ठेवून चाला. वारा सुटला की ठशाची कड ढासळते, म्हणून मागाचे काम सूर्योदयापासून वारा वाढेपर्यंत करावे. माग सूर्य आणि तुमच्या डोळ्यांच्या मध्ये येईल असे उभे राहा. तिरप्या उन्हात ठशाची सावली पडते, ऊन पाठीशी असेल तर तोच ठसा नाहीसा होतो. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. कालाहारीत ते खोमानी सान या तिथल्या आदिवासी समाजातल्या माग काढणाऱ्यांकडे आहे आणि त्यांच्याशिवाय तिथले काम उभे राहिले नसते. त्यांना मजूर म्हणून नव्हे, सहअभ्यासक म्हणून मोबदला आणि श्रेय द्यायला हवे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही नोंदी करता याव्यात म्हणून लुई लीबेनबर्ग यांनी १९९० च्या दशकात चित्रांच्या खुणांवर चालणारी सायबरट्रॅकर ही प्रणाली तयार केली. ती आजही वापरात आहे आणि कामाला उतरण्याआधी शिकून घेण्यासारखी आहे.

एक खूण आकाशात असते. पेल चँटिंग गॉसहॉक हा शिक्र्याच्या कुळातला राखी पक्षी खणणाऱ्या बॅजरच्या मागे राहतो. बॅजरने खणायला घेतले की बिळाच्या दुसऱ्या तोंडातून उंदीर किंवा पाल निसटते, ती हा पक्षी टिपतो. असा पक्षी दिवसा बुटक्या झुडपावर किंवा जमिनीवर बसलेला, खाली टक लावून पाहणारा आणि थोड्या थोड्या अंतराने पुढे सरकणारा दिसला, तर दुर्बीण त्याच्या पायाशी लावा. कोल्हेही असेच मागे राहतात, पण ते गाडीला बुजतात. त्यामुळे गाडीतून पाहणाऱ्याच्या वहीत कोल्ह्यांच्या नोंदी खऱ्यापेक्षा कमी येतात. अहवालात हे स्पष्ट लिहावे.

आता कॉलर. हनी बॅजरची मान डोक्याइतकीच जाड असते आणि त्वचा सैल. सैल बांधली तर कॉलर डोक्यावरून निघते किंवा पुढचा पाय तिच्यात अडकतो. घट्ट बांधली तर खणताना मानेचे स्नायू फुगतात, वाळू आत जाते आणि जखम होते. वजनाचा हिशोब आधी करा. कॉलर शरीराच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नेम आहे. कालाहारीतली मादी सहा किलोच्या आसपास भरते, म्हणजे तिच्यासाठी १८० ग्रॅमच्या वर काहीही नको. नर नऊ-दहा किलोचा, त्याला थोडी जास्त मुभा. पट्ट्यात आपोआप सुटणारा किंवा कुजून तुटणारा तुकडा असलाच पाहिजे, कारण तेच जनावर पुन्हा हाती लागेल याची शाश्वती नसते. वाढत्या पिल्लाला कॉलर कधीही लावू नये. बेशुद्धीचे औषध, मात्रा आणि शुद्धीवर येईपर्यंतची देखरेख ही पशुवैद्याची जबाबदारी आहे. कालाहारीतल्या थंडीत पहाटे पारा शून्याखाली जातो आणि बेशुद्ध जनावराला स्वतःचे तापमान राखता येत नाही, म्हणून पकडण्याची वेळ आणि ऋतू पशुवैद्याशी बोलून ठरवा.

जीपीएस कॉलरबद्दल एक अपेक्षाभंग आधीच होऊन जाऊ दे. जनावर बिळात असताना उपग्रहाचा संपर्क तुटतो आणि बॅजर दिवसाचे कितीतरी तास बिळात असतो. शिवाय दर तासाला एक बिंदू घेतला तर दोन बिंदूंमधली सरळ रेघ तुम्ही मोजता, पण खाद्य शोधणारा बॅजर नागमोडी चालतो. खरे अंतर त्याहून खूप जास्त भरते. दर पाच मिनिटांनी बिंदू घेतला तर हलक्या कॉलरची बॅटरी लवकर संपते. म्हणून मागे राहून पाहण्याच्या कामात साधी व्हीएचएफ कॉलर (रेडिओ संदेश सोडणारी, जो रिसीव्हरवर आवाज म्हणून ऐकू येतो) मला आजही जास्त उपयोगाची वाटते: ती हलकी असते, जास्त टिकते आणि तिचे काम एवढेच, की जनावर हरवले तर पुन्हा सापडावे. मोकळ्या वाळूत तिचा आवाज दोन-तीन किलोमीटरवरून येतो, बिळात गेल्यावर काही शे मीटरवर. आवाज अचानक मंद झाला तर बॅजर पळाला असे समजून गाडी हाकू नका. बहुधा तो खाली गेलेला असतो. वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढा, रिसीव्हरचा गेन (संवेदनक्षमता) कमी करा, अँटेना फिरवून आवाज सर्वांत मोठा कुठे आहे यापेक्षा दोन्ही बाजूंना तो कुठे नाहीसा होतो ते पाहा आणि त्या दोन दिशांचा मध्य काढा. दिशा अशी जास्त अचूक मिळते.

यानंतरचा टप्पा सर्वांत नाजूक: जनावराला गाडीची सवय लावणे. गाडीची म्हणतो, माणसाची नाही. दोन्हींत फरक ठेवलाच पाहिजे, कारण माणसाच्या आकृतीला, आवाजाला आणि वासाला न घाबरणारा बॅजर उद्यानाची हद्द ओलांडून एखाद्या शेतावर किंवा मधपेट्यांजवळ गेला तर मारला जातो. कालाहारीत प्रौढ नराच्या वावराचे क्षेत्र सरासरी ५४१ चौरस किलोमीटरचे निघाले, मादीचे १२६. एवढा फिरणारा नर कुंपणाच्या आत राहील ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून ज्या भागात शेती किंवा मधपाळ जवळ आहेत तिथे जनावराला सवय लावण्याचे काम हाती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे माग आणि कॅमेरे यांवर समाधान मानावे.

सवय लावताना गाडी एकच, चालक शक्यतो एकच. पहिल्या दिवशी शंभर-दीडशे मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला थांबा आणि इंजिन बंद करा. बॅजरची नजर बेताची असते, नाक आणि कान तीक्ष्ण. त्याला गाडीच्या आकारापेक्षा इंजिन बंद-चालू होण्याचा, दार आपटल्याचा आणि वाळूत चाक फिरल्याचा आवाज जास्त खुपतो. तो चालतो आहे तोवर त्याच वेगाने समांतर जा. तो खणू लागला की थांबा, पण दर खड्ड्याला इंजिन बंद-चालू करू नका. एकसारखा मंद आवाज तो लवकर दुर्लक्षित करतो. बोलणे नाही, दार उघडणे नाही, खाली उतरणे तर मुळीच नाही.

अंतर तुम्ही ठरवत नाही, जनावर ठरवते. चालता चालता थबकून डोके वर करून हुंगणे, शेपूट ताठ उभी करून केस फुलवणे, घशातून खरखर, गुदग्रंथीचा उग्र वास, आणि खाणे सोडून बिळाकडे धाव, हा साधारण चढता क्रम आहे. पहिलीच खूण दिसली की थांबा आणि त्याला पुढे जाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या खुणेपर्यंत पोचलात तर त्या दिवसाचे काम तिथेच संपवा. सलग काही फेऱ्यांत एकही खूण दिसली नाही तरच दहा-वीस मीटर जवळ सरका. मोकळ्या वाळूत वीस-तीस मीटर पुरतात. काही माद्या काही आठवड्यांत सरावतात, काही कधीच सरावत नाहीत. न सरावणारीच्या मागे लागू नये.

ती सरावली, हे कशावरून म्हणायचे? अनेक अभ्यास इथे ढिले पडतात. आता ती पळत नाही, हे पुरेसे नाही. मी सुचवतो ती कसोटी मागावर आधारलेली आहे. जिच्या मागे तुम्ही रात्रभर होता, त्या रात्रीच्या नोंदींतून दर किलोमीटरला किती खड्डे आणि दोन खड्ड्यांमधले सरासरी अंतर किती ते काढा. मग ज्या रात्री तुम्ही तिच्या मागे नव्हता, त्या रात्रीचा तिचाच माग दुसऱ्या सकाळी पायी चालून तेच दोन आकडे काढा. ऋतू आणि जमीन सारखी ठेवा. आकडे जुळले तर तुमच्या असण्याने तिच्या पोटावर परिणाम होत नाही असे म्हणायला आधार मिळतो. गाडी असताना खड्डे कमी आणि चाल जास्त दिसली, तर ती सरावलेली नाही, फक्त तुम्हाला सहन करते आहे. म्हणूनच आधी वाळू वाचायला शिका म्हणालो. मागाची नोंद नसेल तर डोळ्यांनी केलेल्या नोंदीची तपासणी करायला काही उरत नाही.

रात्रीच्या प्रकाशाबद्दल दोन शब्द. दिव्याचा झोत थेट जनावरावर आणि त्याच्या पुढच्या जमिनीवर कधीही टाकू नये. पुढे झोत पडला की उंदीर जागच्या जागी थिजतो आणि बॅजरला फुकटची शिकार मिळते. तुमची आकडेवारी बिघडते आणि उंदराचा जीवही तुमच्यामुळे जातो. झोत मागे आणि थोडा बाजूला, शक्यतो लाल काचेचा. उष्णता टिपणारी दुर्बीण जनावर शोधायला उत्तम, पण त्याने पकडले ते काय होते हे तिच्यातून ओळखता येत नाही.

थोडक्यात क्रम असा: आधी महिना-दोन महिने फक्त माग, मग थोड्या जनावरांना हलकी कॉलर, मग गाडीची सवय, मग मागाशी ताडून पाहणे, आणि त्यानंतरच्या नोंदी तेवढ्या विश्लेषणात घ्यायच्या. सवय लावण्याच्या काळातल्या नोंदी वेगळ्या वहीत.

नोंद कशी करावी? एका वेळी एकच जनावर निवडून त्याचे सर्व काही सलग लिहायचे, ही पद्धत वर्तनशास्त्रज्ञ जीन ऑल्टमन यांच्या १९७४ च्या लेखापासून प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात रूढ आहे आणि इथे तीच लागू पडते. गाडीत दोघे असावेत. एकाने गाडी हाकत जनावरावर नजर ठेवायची आणि मोठ्याने नव्हे तर कुजबुजत सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. तक्त्यात वेळ, ठिकाण, क्रिया, खड्ड्याची सुरुवात आणि शेवट, शिकार मिळाली की नाही, काय होती, केवढी होती, वासाची खूण केली का आणि आसपास दुसरे कोण होते एवढे रकाने पुरतात. खड्ड्याची व्याख्या आधीच ठरवा. नाकाने उकरलेली माती हा खड्डा नाही, पंजाने वीतभर तरी खोदले तर खड्डा, असे काहीतरी. नाहीतर दोन निरीक्षकांचे आकडे कधीच जुळत नाहीत.

शिकार ओळखताना 'अज्ञात' हा रकाना मोकळ्या मनाने वापरा. डोके बिळात आणि जबडा हलताना दिसला तर त्याने काहीतरी खाल्ले एवढेच खरे असते. अंदाजाने 'पाल' लिहिण्याचा मोह टाळावा. मोठी शिकार, म्हणजे साप किंवा स्प्रिंगहेअर (उड्या मारत चालणारा मोठा कुरतडणारा प्राणी), तो पुढच्या पंजांत धरून वेळ लावून खातो, त्यामुळे ती हमखास नोंदली जाते. म्हणून संख्या आणि वजन वेगळे मांडा. एका रात्रीत पंधरा पाली आणि एक मोठा साप, यात संख्येने पाल वरचढ, वजनाने सापच रात्रीचे जेवण. कालाहारीत पफ ॲडरसारखे विषारी सापही त्याच्या आहारात येतात. नुसती विष्ठा तपासून आहार काढणाऱ्यांना दुसरीच चूक भोवते: केस, खवले आणि विंचवाच्या नांग्या विष्ठेत उरतात, अळ्या मात्र जवळजवळ पूर्ण विरघळतात. विष्ठा गोळा कराच, पण प्रत्यक्ष निरीक्षणाच्या शेजारी ठेवून वाचा. पाणी पिताना तो दिसला नाही म्हणून गोंधळू नका. तिथे ओलावा बहुतेक शिकारीतून आणि त्सामा या रानकलिंगडातून मिळतो.

वासाच्या खुणा अनेकजण सोडून देतात. हे एकलकोंडे जनावर आहे आणि त्याचे सामाजिक आयुष्य बहुतांशी वासातून चालते. नर विष्ठेच्या ठरावीक जागांना पुन्हा पुन्हा भेट देतात आणि तिथे बसून खूण करतात. माद्या चालता चालता बिळांच्या तोंडाशी थोडी लघवी सोडत जातात. नरांच्या वावराची क्षेत्रे एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे कोण कुठे आहे हे त्यांना तिथूनच कळते. अशी जागा सापडली की तिचे ठिकाण नोंदवा आणि एक कॅमेरा तिथे ठेवा. सबंध अभ्यासातल्या कॅमेऱ्यांतला तोच सर्वांत बोलका ठरेल.

पिल्लू असलेल्या मादीसाठी नियम कडक ठेवा. एका वेळी बहुधा एकच पिल्लू असते आणि ते वर्षभर, कधी सव्वा वर्षाहूनही जास्त, आईवर अवलंबून राहते. पहिले साधारण तीन महिने ते बिळातच असते आणि मादी दर काही दिवसांनी त्याला तोंडात धरून नवीन बिळात हलवते. ती स्वतःहून हलली की तुमच्यामुळे, हे बाहेरून ओळखण्याचा मार्ग नाही. म्हणून या काळात बिळापासून किमान दोनशे मीटर दूर थांबा, ती खाद्य शोधायला निघून बरीच पुढे गेल्यावरच मागे लागा आणि ती परतू लागली की आधीच थांबा. बिळाशी जाऊन डोकावणे, मोजमाप, कॅमेरा ठेवणे, काहीही नको. पिल्ले उपासमारीने, शिकारी प्राण्यांमुळे आणि कधी परक्या नर बॅजरकडून मरतात. त्यात आपली भर नको.

काय बिघडते, याची यादी बहुधा यंत्रांनी सुरू होते. मऊ वाळूत टायरमधली हवा दीड बारच्या खाली आणावी लागते, नाहीतर चाक रुतते आणि ते काढण्याच्या गोंगाटात जनावर गेलेच. उंच गवतातून जाताना बिया रेडिएटरवर साचून इंजिन तापते, आणि गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरला अडकलेले वाळके गवत पेटू शकते. पुढे बारीक जाळी लावा आणि दर तासा-दोन तासांनी, जनावर विसावले असताना, खालून गवत काढा. अर्थात आधी आजूबाजूला दिवा फिरवून, कारण तिथे सिंह आहेत. ऋतूचा फटका वेगळा. कालाहारीतला बॅजर हिवाळ्यात बराचसा दिवसा फिरतो आणि उन्हाळ्यात रात्री. ज्याने फक्त सुटीच्या दोन महिन्यांत काम केले त्याच्या दृष्टीने हा प्राणी एकतर दिनचर असतो किंवा निशाचर. म्हणून वर्षाचे चारही तुकडे हवेत. थकवा ही तिसरी गोष्ट: सहा-आठ तासांनी जोडी बदला, कारण पहाटे तीननंतर झोपेने जड झालेला निरीक्षक खड्डे मोजायचे सोडून देतो आणि ते त्याला कळतही नाही. जनावर हरवले तर 'हरवले' असे वेळेसह लिहा. तो रिकामा वेळ मागून अंदाजाने भरू नका.

आणि आकडेमोडीतला सापळा. पाच माद्यांवर हजारो तास घालवले तरी तुमचा नमुना पाचच असतो. खड्डे दहा हजार असले तरी ते पाच जणींचे आहेत. मादी आणि नर यांची तुलना करताना प्रत्येक जनावराची सरासरी काढून ती तुलनेत घ्या. मार्गदर्शकाला हे पहिल्याच भेटीत विचारा, प्रबंध लिहायला बसल्यावर नको.

मधपक्षी, म्हणजे हनीगाइड, बॅजरला पोळ्याकडे घेऊन जातो, ही गोष्टही प्रश्नात होती. शोध घेणाऱ्यांनी आफ्रिकेतल्या नऊ देशांतल्या मध गोळा करणाऱ्यांना विचारले. तो अभ्यास २०२३ मध्ये आला. बहुसंख्यांनी असे काही पाहिले नसल्याचे सांगितले, टांझानियातल्या काही समाजांतल्या अनेकांनी मात्र पाहिल्याचे सांगितले. म्हणजे सरसकट खरे नाही आणि सरसकट खोटेही म्हणता येत नाही. तुम्ही पाहिलेत तर कोण पुढे होते, किती अंतराने आणि पोळे आधी कुणाला सापडले, हे तिन्ही लिहा. तिन्ही नसतील तर नोंदीला अर्थ नाही.

शेवटी महाराष्ट्र. हनी बॅजर आपल्याकडेही आहे, पण इथे गाडीने मागे फिरण्याचा बेत मनातून काढून टाका. अभयारण्यात रात्री रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, झाडी दाट आहे, जमीन कडक आहे आणि चारही बाजूंना गावे आहेत. वर सांगितलेल्या कारणाने इथे त्याला माणसाची सवय लावणे त्याच्याच जिवावर बेतेल. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो येतो. अभयारण्यात अभ्यासासाठी जायला कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पकडून कॉलर लावायची असेल तर कलम १२ खाली केंद्र सरकारची पूर्वसंमतीही. पदव्युत्तर प्रबंधाच्या मुदतीत ही दुसरी परवानगी मिळेल असे धरून चालू नका.

इथे तुमच्या प्रश्नातले कॅमेरे कामी येतील, पण ठेवण्याची पद्धत वाघाच्या कामापेक्षा वेगळी. वाघासाठी गुडघाभर उंचीवर लावलेला कॅमेरा बॅजरच्या पाठीवरून पाहतो. तो जमिनीपासून तीस-चाळीस सेंटीमीटरवर आणा, वाटेला आडवा न ठेवता तिरका ठेवा म्हणजे जनावर जास्त वेळ चौकटीत राहते, आणि फोटोऐवजी वीस-तीस सेकंदांचे चित्रीकरण निवडा. पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्याची कड दोन्ही बाजूंनी मिळाली तर जनावर वेगळे ओळखण्याचा प्रयत्न करता येतो. एका जागी दीड-दोन महिने तरी ठेवा, कारण बॅजर क्वचित येतो. नुसत्या रुंद वाटांवर न लावता ओढ्याकाठची मऊ माती, उकरलेली वारुळे, जुनी बिळे अशा जागाही घ्या.

उकरलेल्या जागा वाचताना घाई नको. अस्वलाने फोडलेले वारूळ मोठे आणि अस्ताव्यस्त असते. साळिंदर मुळांसाठी उथळ उकरते आणि आसपास काटा किंवा कुरतडलेले मूळ सोडते. बॅजरचा खड्डा अरुंद, खोल, बाजूने तिरका शिरलेला आणि माती एका बाजूला फेकलेली असतो. नखांच्या लांब समांतर रेघा कडेला दिसल्या तरच बॅजर लिहा.

गावकऱ्यांशी, विशेषतः मध काढणाऱ्यांशी आणि गुराख्यांशी बोला. त्यांना 'हा प्राणी इथे आहे का' असे विचारून एकच फोटो दाखवू नका. सात-आठ प्राण्यांचे फोटो द्या आणि त्यांत एक असा ठेवा जो त्या भागात असूच शकत नाही. तोही 'पाहिला' म्हणणाऱ्याची बाकीची उत्तरे बाजूला ठेवता येतात. कबरी उकरतो अशी या प्राण्याची बदनामी काही भागांत ऐकू येते आणि त्यापायी तो मारला जातो. तसे ऐकलेत तर वाद घालू नका, कुठे आणि कधी ऐकले ते लिहून ठेवा. लोक त्याला कुठे आणि का मारतात, हेही त्याच्या जगण्याबद्दलचेच ज्ञान आहे आणि त्यासाठी कॉलर लागत नाही.

वर्षभराचा आराखडा करायचाच असेल तर पहिले तीन महिने कॅमेरा न लावता फक्त धुळीच्या वाटा आणि ओढे रोज सकाळी चालून काढा. जागा त्यातून ठरवा. कॅमेरे चौथ्या महिन्यात.